शून्य टक्के, ३८ टक्के, ९६ टक्के आणि शेवटी ६ : मराठी प्रबंधाची समानता तपासणी

पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात दाखल करताना ग्रंथालयाचा समानता अहवाल जोडावा लागतो, म्हणजे प्रबंधातला किती मजकूर आधीच्या लेखनाशी जुळतो याचा सॉफ्टवेअरने काढलेला अहवाल. प्रबंध इंग्रजीत असेल तर ही एखाद्या आठवड्याची गोष्ट. मराठीत असेल तर किती दिवस लागतील हे आधी कोणी सांगत नाही. माझा प्रबंध पाणीवापर संस्थांवर, समाजशास्त्राचा, २६८ पानांचा. ९ जानेवारीला फाइल ग्रंथालयात दिली आणि ११ एप्रिलला प्रबंध दाखल झाला. मधल्या तीन महिन्यांतले निदान पाच आठवडे निव्वळ माहिती नसल्यामुळे गेले. ते दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी नियम, कारण फाइल देण्यापूर्वी तो मुळातून वाचलेला बरा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे विनियम २०१८ चे आहेत. त्यात समानतेचे चार स्तर आहेत. १० टक्क्यांपर्यंत शून्य स्तर, त्याला दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत पहिला स्तर : विद्यार्थ्याने ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यायचा. ४० च्या वर ६० पर्यंत दुसरा : एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर तिसरा : नोंदणीच रद्द. सगळ्यांच्या तोंडी असतो तो '१० टक्के' हा आकडा इथला. पण त्याच विनियमांत आणखी एक वाक्य आहे, ते फारसे कोणी वाचत नाही. सारांश, गृहीतके, निरीक्षणे, निष्कर्ष, शिफारशी हा भाग मूळ कल्पनांवरच आधारलेला हवा आणि त्यात साम्य असताच कामा नये, असे ते म्हणते. सर्वसामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे तेवढे त्यातून सुटतात. म्हणजे 'माझ्याकडे अजून तीन टक्के शिल्लक आहेत' हा हिशेब निष्कर्षाच्या प्रकरणाला लागू नाही. (सलग १४ शब्द मराठीत इंग्रजीपेक्षा बरेच मोठे पडतात. 'शेतकऱ्यांच्यासुद्धा' हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मराठी नव्हती, एवढाच अर्थ.)

१३ जानेवारीला पहिला अहवाल आला : शून्य टक्के.

आनंद व्हायला हवा होता, पण ग्रंथालयातल्या मॅडमनी कागद पुढे सरकवत विचारले, "टायपिंग कशात केलंय?" प्रबंध जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होता, पुष्कळ टंकलेखक अजूनही वापरतात तसल्या. या फाँटमध्ये पडद्यावर दिसते मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. सॉफ्टवेअर आतले वाचते. त्याला २६८ पाने निरर्थक चिन्हे दिसली, जगात कुठेही न जुळणारी, म्हणून शून्य. असा अहवाल पुढे गेला आणि मौखिकीच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, वेळी कोणाच्या लक्षात आला, तर फसवणुकीचा संशय आपल्यावरच येतो. हेतू नव्हता हे नंतर पटवून देणे अवघड.

तपासायची युक्ती सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी उमटली तर युनिकोड आहे, म्हणजे आतही मराठी अक्षरेच साठवली आहेत. चित्रविचित्र चिन्हे उमटली तर नाही. हे अर्ध्या मिनिटाचे काम मी प्रबंध टंकायला देण्याआधी, तीन वर्षांपूर्वी, करायला हवे होते.

युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात, पण त्यांच्यावर विसंबून चालत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम वेगळा. रूपांतरात हा क्रम हुकला की 'कार्य'चे 'कायर्' होते. रफार आणि अनुस्वार एकत्र आले, जसे 'सर्वांनी', की हमखास घोटाळा. अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरे येतात, तक्त्यांतले आकडे सरकतात. पानाला १० रुपयांप्रमाणे २,६८० रुपये देऊन काम करून घेतले, तरी त्यानंतर सहा दिवस मलाच प्रत्येक पान वाचावे लागले. तक्त्यांतली एकूण बेरीज छापील प्रतीशी ताडून पाहा. एका तक्त्यात १२८ चे १८२ झाले होते.

आणखी एक खाचखळगा. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' यातला ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी साठवता येतो : नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. रूपांतर साधनाने दुसरा प्रकार वापरला होता. पुढच्या अहवालात त्यावर 'लपवलेली अक्षरे आढळली' असा इशारा आला. काही जण साम्य लपवायला शब्दांच्या मध्ये अदृश्य चिन्हे घालतात, म्हणून सॉफ्टवेअर त्यांच्यावर पाळत ठेवते. 'शोधा आणि बदला' वापरून सगळीकडे पहिला प्रकार केला की इशारा जातो. ते आधीच करून टाका.

२९ जानेवारीला नवी फाइल दिली. ४ फेब्रुवारीला अहवाल आला : ३८ टक्के.

त्या दिवशी पोटात गोळा आला हे खरे. ३८ म्हणजे पहिल्या स्तराच्या अगदी टोकाला. मार्गदर्शक सरांनी मात्र आकड्याकडे पाहिलेसुद्धा नाही. शेवटची पाने उघडली, जिथे कोणता मजकूर कोणत्या स्रोताशी जुळतो त्याची यादी असते, आणि म्हणाले, "आधी याची वर्गवारी कर. मग घाबरायचं की नाही ते बघू." समानता म्हणजे चौर्य नव्हे. समानता सॉफ्टवेअर मोजते, चौर्य आहे की नाही हे माणसाने ठरवायचे. हे वाक्य मी आधीही ऐकले होते, पण त्याचा अर्थ यादीतल्या १४३ नोंदी एकेक करून वाचताना कळला.

वर्गवारी अशी निघाली. संदर्भसूचीचे ९ टक्के. विनियमांनुसार संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश तपासणीतून वगळायचे असतात. पण सॉफ्टवेअर संदर्भसूची ओळखते ती इंग्रजी शीर्षकावरून. 'संदर्भसूची' हा शब्द त्याला कळला नाही, म्हणून सगळी पाने मोजली गेली. उपाय म्हणजे ती वेगळ्या फाइलमध्ये काढून मुख्य मजकूर तेवढाच तपासायला देणे. कायद्याचा मजकूर ६ टक्के. सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमातली कलमे जशीच्या तशी उद्धृत केली होती. कायदे, प्रमाणित चिन्हे, समीकरणे आणि सर्वसाधारण संज्ञा यांनाही सूट आहे. अवतरणांचे ४ टक्के. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर वगळता येतो, पण सॉफ्टवेअरला दुहेरी अवतरणचिन्हेच कळतात. मी मराठीच्या सवयीने एकेरी चिन्हे टाकली होती आणि लांब उतारे नुसते आत सरकवून, चिन्हांशिवाय, दिले होते. प्रपत्रे, प्रमाणपत्रे आणि विद्यापीठाचा ठरावीक मजकूर २ टक्के.

स्वतःचेच लेख ८ टक्के. प्रबंधातून काढलेले दोन शोधनिबंध नियतकालिकांत आले होते, त्यांच्याशी तिसरे आणि चौथे प्रकरण जुळत होते. हा मजकूर माझाच आहे, मग अडचण काय, असे वाटते. अडचण आहे. आधी छापलेला मजकूर नवा म्हणून पुन्हा वापरणे, स्वतःचा असला तरी, आयोगाला मान्य नाही. आधी कुठे छापला ते सांगून वापरायला हरकत नसते. त्यासाठी तीन गोष्टी केल्या. दोन्ही प्रकरणांच्या पहिल्या पानावर तळटीप दिली की या प्रकरणाचा काही भाग अमुक निबंधात प्रसिद्ध झाला आहे. मार्गदर्शकांकडून तसे पत्र घेतले, त्यात निबंधांची नावे, नियतकालिक, वर्ष, पृष्ठे. आणि एका निबंधाला सहलेखक होते, त्यांच्याकडून माझा वाटा कोणता याचे लेखी घेतले. हे शेवटचे सर्वांत जास्त वेळखाऊ. निबंध छापून येतानाच असे पत्र घेऊन ठेवा, चार वर्षांनी माणूस कुठे असेल सांगता येत नाही.

सगळे मिळून २९ टक्के वगळण्याजोगे होते. म्हणजे उरले ९, म्हणजे सुटलो, असे वाटले. तसे होत नाही. आमच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये वगळलेला मजकूर एकूण शब्दांतूनही वजा होतो. भाजक लहान झाला की टक्केवारी वाढते. ९ चे जवळजवळ १३ झाले. म्हणजे खरे काम आता सुरू होणार होते.

हे १३ टक्के जवळजवळ सगळे दुसऱ्या प्रकरणातले, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यातले, आणि थोडे संशोधन पद्धतीतले होते. त्यातले काही तुकडे वाचून लाज वाटली. कंसात लेखकाचे नाव आणि वर्ष दिलेले होते, पण वाक्ये त्याचीच होती, शब्दन्‌शब्द. संदर्भ दिला म्हणजे झाले, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. संदर्भ सांगतो की विचार कोणाचा. शब्दही त्याचेच असतील तर अवतरणचिन्हे हवीत. मूळ पाहायला गेले तर दोष नोंदवह्यांत सापडला. चार वर्षांपूर्वी टिपणे काढताना कोणते वाक्य पुस्तकातले आणि कोणते माझे याची खूण ठेवली नव्हती. नंतर टिपणांतून प्रबंध लिहिताना दोन्हींची सरमिसळ झाली. आता टिपणे काढते तेव्हा उतरवलेले वाक्य लाल शाईत आणि पुढे पृष्ठक्रमांक. माझे निळ्या शाईत.

संशोधन पद्धतीच्या प्रकरणातले साम्य वेगळ्या जातीचे होते. 'नमुना निवड म्हणजे काय', 'प्रश्नावलीचे फायदे-तोटे' असले परिच्छेद शोधगंगेवरच्या (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचे ऑनलाइन भांडार) पाच-सहा प्रबंधांशी जुळत होते, आणि ते प्रबंधही एकमेकांशी जुळत होते. हे परिच्छेद पुन्हा लिहिले नाहीत, काढूनच टाकले. साडेचार पाने गेली. नमुना निवडीची व्याख्या परीक्षकांना माहीत असते. मी नमुना कसा निवडला, किती संस्था वगळल्या आणि का, हे त्यांना हवे असते.

बाकीचे पुन्हा लिहायचे होते. पहिले दोन दिवस शब्द बदलण्यात वाया गेले : 'महत्त्वाचे'चे 'मोलाचे', 'आढळते'चे 'दिसून येते'. वाक्याचा सांगाडा तोच राहतो, सॉफ्टवेअर बरेचदा तरीही पकडते आणि माणूस तर नक्कीच ओळखतो. चालली ती पद्धत अशी : मूळ उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचे, दुसरे काहीतरी काम करायचे, दुसऱ्या दिवशी आठवणीतून दोन-तीन वाक्यांत लिहायचे आणि मग मुळाशी ताडून अर्थ बरोबर आहे ना ते पाहायचे. पानाला सरासरी ४० मिनिटे लागली. अर्ध्या पानाचा उतारा बहुतेक वेळा तीन ओळींत मावला, म्हणजे उरलेले आधीही लागत नव्हते.

या कामात असताना अहवालात नसलेली एक गोष्ट सापडली. दुसऱ्या प्रकरणातली अडीच पाने एका इंग्रजी पुस्तकातून मी मराठीत उतरवली होती. भाषांतर माझे, मांडणी, क्रम, उदाहरणे सगळी त्या लेखकाची. संदर्भ एकदाच, शेवटच्या ओळीत. अहवालात त्या पानांवर एकही रंग नव्हता, कारण सॉफ्टवेअर मराठी वाक्य इंग्रजी वाक्याशी जुळवत नव्हते. तांत्रिकदृष्ट्या शून्य टक्के. आकड्यासाठी काम करत असते तर त्या पानांना हात लावायचे कारण नव्हते. सरांना दाखवले, ते म्हणाले, "बाहेरच्या परीक्षकांनी ते पुस्तक वाचलेलं असेल असं धरून चाल." अडीच पानांची दीड पाने झाली, त्या लेखकाची मांडणी त्याच्या नावावर सांगितली आणि माझ्या क्षेत्रकार्यात ती कुठे लागू पडत नाही ते जोडले. मराठीत समाजशास्त्र लिहिणाऱ्याने ही तपासणी स्वतःच करायची असते. दुसरे कोणी ती करत नाही.

१९ मार्चला सुधारित फाइल दिली. २४ मार्चला अहवाल : ९६ टक्के.

यावेळी घाबरायचे कारण नव्हते, पण ते कळायला एक रात्र गेली. स्रोतांच्या यादीत एकच नोंद होती आणि तीत आमच्याच विद्यापीठाचे नाव. जानेवारीत दिलेली फाइल तपासणीबरोबर सॉफ्टवेअरच्या साठ्यात जमा झाली होती, आणि आता माझा प्रबंध माझ्याच जुन्या मसुद्याशी जुळत होता. फाइल देताना 'साठ्यात ठेवू नका' असे अर्जात लिहून द्यायचे असते, किंवा तसा पर्याय निवडायला सांगायचे असते. मला माहीत नव्हते, देणाऱ्याने विचारले नाही. जुनी नोंद वगळून पुन्हा अहवाल काढायला ग्रंथपालांना अर्ज, त्यावर मार्गदर्शकांची सही, जादा तपासणीचे ५०० रुपये. आमच्याकडे पहिल्या दोन तपासण्या मोफत आहेत. २ एप्रिलला अहवाल मिळाला : ६ टक्के. ते सहा टक्के संस्थांची नावे, खात्यांची नावे, कायद्यातल्या संज्ञा असे विखुरलेले होते. सारांश आणि निष्कर्षात काहीही नव्हते.

या काळात विभागात एक भीती सतत कानावर येत होती : आकडा जास्त आला की चौकशी लागते. दाखल करण्याआधीच्या तपासणीवर चौकशी लागत नाही, ती सुधारण्यासाठीच असते. दाखल झालेल्या लेखनाबद्दल पुराव्यासह तक्रार आली, किंवा संस्थेने स्वतःहून दखल घेतली, तर विभागाची सचोटी समिती बसते : विभागप्रमुख, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि सॉफ्टवेअर जाणणारी एक व्यक्ती. तिने ४५ दिवसांत शिफारस संस्थेच्या समितीकडे द्यायची. तिथे चार सदस्य, त्यातला एक संस्थेबाहेरचा, आणि त्यांनाही ४५ दिवस. दोन्ही समित्यांचा अध्यक्ष एकच असू शकत नाही. अहवालाची प्रत ज्याच्याविरुद्ध चौकशी आहे त्याला मिळते. बाजू मांडायची पुरेशी संधी दिल्यावर, अपिलाचे मार्ग संपल्यावर आणि दोष निःसंशय सिद्ध झाल्यावरच दंड. हे नियम फक्त विद्यार्थ्यांना नाहीत. प्राध्यापकाच्या शोधनिबंधात ४० च्या वर ६० टक्क्यांपर्यंत साम्य सिद्ध झाले तर निबंध मागे घेणे, एक वेतनवाढ बंद आणि दोन वर्षे नवा विद्यार्थी नाही. ६० च्या वर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षे. पदवी मिळाल्यानंतर चौर्य सिद्ध झाले तर पदवी स्थगित होऊ शकते.

शेवटच्या आठवड्यात कागद जमवले. समानता अहवालाचे पहिले पान, ग्रंथालयाच्या शिक्क्यासह. माझे हमीपत्र : लेखन माझे, मूळ, चौर्यमुक्त, आणि संस्थेने मान्य केलेल्या साधनाने तपासलेले. मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र. प्रकाशित निबंधांचे पत्र आणि सहलेखकांचे पत्र. वगळलेल्या भागांचे एक पानी निवेदन मी जास्तीचे जोडले : काय वगळले, किती पाने, कोणत्या कारणाने. कोणी मागितले नव्हते, पण पीएच.डी. विभागातल्या लिपिकाने पहिला प्रश्न तोच विचारला.

बांधणीला जाण्याच्या आदल्या दिवशी परिशिष्टाकडे लक्ष गेले. त्यात मुलाखती दिलेल्या ११२ शेतकऱ्यांची यादी होती : नाव, गाव, मोबाइल क्रमांक. मुलाखत घेताना मी प्रत्येकाला सांगितले होते की नाव कुठे येणार नाही. प्रकरणांमध्ये नावे बदललेलीच होती, पण परिशिष्ट कोणी वाचत नाही म्हणून मी विसरले. प्रबंध पदवीनंतर महिन्याभरात शोधगंगेवर जातो आणि तिथून कोणीही उतरवून घेऊ शकतो. यादी काढली, जागी उत्तरदात्यांचे सांकेतिक क्रमांक, तालुका आणि धारणक्षेत्र एवढेच ठेवले. मूळ यादी आणि सह्यांची संमतीपत्रे वेगळ्या लिफाफ्यात मार्गदर्शकांकडे दिली. पाने बदलली म्हणून अनुक्रमणिका पुन्हा करावी लागली, आणि १६ पानांची छपाई वाया गेली.

११ एप्रिलला प्रती, सीडी आणि कागद घेऊन खिडकीवर गेले. लिपिकाने सीडीतली फाइल उघडली, एक ओळ कॉपी केली आणि नोटपॅडमध्ये चिकटवली. देवनागरी आली. मग पावती फाडली.